पाच साहेब, एक चष्मा

माझ्या पहिल्या नोकरीत मला पाच साहेब होते आणि पाचही जणांत मिळून चष्मा एकच होता. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात आणि म्हणतात, अगं, नीट सांग. आता याहून नीट काय सांगू? साहेब पाच होते. खुर्च्या पाच होत्या. माणूस मात्र एकच होता.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. 'आम्ही' म्हणजे मीच, कारण त्या ऑफिसात दुसरं कुणी कामाला नव्हतं. इंदूरला पोलोग्राउंडमध्ये पत्र्याच्या एका वर्कशॉपवर लांबोडकी खोली होती. खाली दिवसभर ठाणठाण चालायची आणि वर, जिन्याच्या तोंडाशी, बोर्ड लटकायचा : 'इंडस्ट्रियल डिझाइन. सर्व शाखा.' त्यातले 'सर्व शाखा' हे शब्द बाकीच्यांपेक्षा मोठे.

सर आधी कापडाच्या मिलमध्ये होते, ड्रॉइंग ऑफिसात. यंत्राचा एखादा भाग मोडला की त्याचं चित्र काढायचं आणि तसा नवा घडवून घ्यायचा, हे त्यांचं काम. माझे बाबाही त्याच मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात. मग मिल बंद पडली. बाबा घरी बसले आणि सर बसले नाहीत, एवढाच दोघांत फरक. मिलच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा लोकांनी मोटारी उचलल्या, लोखंड उचललं, एकाने तर दरवाजे उपटून नेले. सरांनी ड्रॉइंग ऑफिसातल्या पाच खुर्च्या घेतल्या आणि एक पोतंभर बेअरिंगं. बेअरिंगं कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "चांगली होती."

मी तेव्हा नुकताच ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. (मुलींनाही ड्राफ्ट्समनच म्हणायचे, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.) बाबांनी सरांना गाठून विचारलं, मुलीला काही काम मिळेल का. सर गंभीर होऊन म्हणाले, "पाचही विभागांना इंटरव्ह्यू द्यावा लागेल." बाबांना वाटलं, केवढी मोठी फर्म असेल! मला नवा ड्रेस शिवला.

मी गेले. खिडकीपाशी एका खुर्चीवर सर बसलेले. "नमस्कार. मी वस्तू विभाग. आपलं नाव?" मी सांगितलं. चार प्रश्न झाले. मग ते उठले, दुसऱ्या खुर्चीवर जाऊन ऐसपैस बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "ये गं, ये. मी फर्निचर. नाव काय तुझं?" मी म्हटलं, "आत्ताच सांगितलं ना सर." तर म्हणाले, "त्यांना सांगितलंस. मला कुठे?" असं करत करत मी आपलं नाव पाच वेळा सांगितलं. शेवटच्या खुर्चीवर खेळणी विभाग होता. त्याने एकच विचारलं, पतंग उडवता येतो का. मी म्हटलं, येतो, आणि काटताही येतो. तर तिथूनच खिडकीकडे बघून ओरडले, "घ्या हिला!"

घरी जाऊन बाबांना सांगितलं की नोकरी लागली. बाकीचं नाही सांगितलं. बाबांची झोप उडवायची कशाला?

आता हा प्रकार काय, तर ऐका. सरांना रद्दीच्या दुकानात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्यात लिहिलं होतं की इंडस्ट्रियल डिझाइन हे एक झाड आहे आणि त्याला शाखा आहेत. कुणी वस्तूंचा आकार ठरवतो, कुणी फर्निचरचा, कुणी वाहनांचा, कुणी खोक्या-डब्यांचा, कुणी खेळण्यांचा. सरांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, अरे, ही तर आपली मिलच! मिलमध्येही खाती होती. एका खात्याने काही ठरवलं की कागद बाकीच्या खात्यांतून फिरायचा, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कुणी स्क्रू हलवायचा नाही. सरांचं म्हणणं, एकट्याच्या डोक्यातनं निघालेली वस्तू म्हणजे एका पायाचं स्टूल, बसल्यावर कळतं. म्हणून त्यांनी पाच विभाग उघडले, पाचांचे पाच प्रमुख नेमले, आणि नियम केला : इथे माणूस बोलत नाही, खुर्ची बोलते. डिझाइन पाचही खुर्च्यांनी पास केलं तरच पास. एकाने जरी 'नाही' म्हटलं तरी कागद परत.

वेड होतं ना? होतंच. पण कधी कधी संध्याकाळी सर चहाचा कप हातात धरून त्याचा कान दाखवायचे. "हे बघ, यात बोट बसतं ना? आपोआप नाही बसत. कुणीतरी कुठेतरी बसून, आपलं बोट डोळ्यांसमोर आणून, हा कान वळवलाय. त्याने आपल्याला पाहिलं नाही, आपण त्याला पाहिलं नाही. पण चहा सांडत नाही." असं काही ऐकलं की मला वाटायचं, जाऊ दे, असेना का वेडे.

पाचही साहेबांचे स्वभाव एकेक नमुना होते. वस्तू विभाग कडक. मला 'तुम्ही' म्हणायचा आणि ऊठसूट विचारायचा, "याचा उपयोग काय?" माझ्या नव्या कानातल्यांकडे बघूनसुद्धा त्याने हेच विचारलं. फर्निचर विभाग आळशी आणि खादाड. वाहन विभाग तापट. त्याला सगळीकडे अपघात दिसायचे, आणि गंमत अशी की सरांकडे सायकलीशिवाय काही नव्हतं आणि तीही ते हाताने ढकलत न्यायचे, बसायचे नाहीत. पॅकिंग विभाग गरीब गाय, आवाज वर चढायचा नाही. आणि खेळणी विभाग रुसका. जरा काही झालं की रजेवर.

चष्म्याचं तर विचारूच नका. तो पॅकिंगच्या टेबलावर राहिला आणि सर फर्निचरच्या खुर्चीवर जाऊन बसले, की स्वतः उठायचे नाहीत. मला सांगायचे, "पॅकिंगवाल्यांकडे चष्मा असेल तर बघ गं. माझं नाव सांग." मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन, "फर्निचर साहेबांनी चष्मा मागितलाय," असं म्हणून चष्मा उचलायची. न म्हणता उचलला तर चालायचं नाही. एकदा तसा आणला तर म्हणाले, "चोरून आणलास होय?"

आणि उपास! शनिवारी वाहन विभागाचा उपास असायचा, मारुतीचा. एका शनिवारी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, तर सर फर्निचरच्या खुर्चीवर बसून कचोरी खात होते. दोन कचोऱ्या, वर शेव, वर दही. काकू दारातच थबकल्या. "अहो! उपास ना तुमचा?"

सर म्हणाले, "उपास वाहनाचा आहे. फर्निचरचा नाही." आणि कचोरी संपवून, हात पुसून, वाहनाच्या खुर्चीवर जाऊन खिचडीही खाल्ली. काकूंनी कपाळावर हात मारला. मला म्हणाल्या, "तू लग्न ठरवताना खुर्च्या मोजून घे गं बाई."

खेळण्यातली मोटार कुणाची, यावरून खेळणी आणि वाहन यांचं जे वाजलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सर या खुर्चीवर जाऊन ओरडायचे, "पोरं खेळतात म्हणजे आमची!" मग धावत त्या खुर्चीवर जाऊन, धापा टाकत, "चाकं आहेत म्हणजे आमची!" शेवटी खेळणी रुसला आणि रजेवर गेला. त्याच दिवशी महूच्या छावणीतून एक फौजी खेळण्यांचं काम घेऊन आला. मी त्याला सांगितलं, "आज साहेब रजेवर आहेत." त्याने समोर बसलेल्या सरांकडे बोट दाखवलं. "और ये?" मी म्हटलं, "ये फर्निचर हैं." फौजी आला तसा खाली उतरला आणि सलामही न करता गेला.

इथेच सगळं घोडं पेंड खायचं. इतका खटाटोप, इतकी चित्रं, पण त्या खोलीतनं एकही वस्तू बाहेर पडायची नाही. साबणदाणी काढली तर पॅकिंग खूश आणि वस्तू नाखूश. स्टूल काढलं तर पॅकिंग हळूच म्हणाला, जरा पाय आखूड झाले तर खोक्यात बसेल, जमलं तर बघा. त्यावर फर्निचरने चक्क राजीनामा दिला, आणि आठवडाभर सर त्या खुर्चीवर बसले नाहीत. कचोऱ्या उभ्याने खाल्ल्या.

काकू शाळेत गणित शिकवायच्या. मिल बंद पडल्यापासून घर त्यांच्यावर होतं आणि खरं तर ऑफिसही त्यांच्यावरच होतं. बाई तोंडाने फटकळ, पण रोज दुपारी शाळा सुटली की टेम्पोत बसून डबा घेऊन यायच्या. 'पाच खुर्च्यांचा तमाशा' असं म्हणायच्या आणि तमाशाला पोळ्या पुरवायच्या. त्या वर्षी मात्र त्यांचा धीर सुटला. डबा टेबलावर आपटून म्हणाल्या, "अक्षय्य तृतीया. तोवर या खोलीतली एक वस्तू, फक्त एक, बाजारात जाऊ द्या. नाही गेली तर मिळेल ती नोकरी धरायची आणि या खोलीला कुलूप. मी थकले आता."

सर फर्निचरच्या खुर्चीवर होते. तिथूनच म्हणाले, "हे पाचही विभागांना कळवावं लागेल."

"कळवा. ढोल बडवून कळवा."

त्यांनी खरंच कळवलं हो. एकेका खुर्चीवर बसून, खालच्या आवाजात. मला हसू येईना. खोलीला कुलूप लागलं तर माझीही नोकरी जाणार होती, पण त्याहून जास्त वाटायचं ते हे की सर घरी बसलेले मला बघवणार नाहीत. एक घरी बसलेला माणूस माझ्याकडे होता आधीच.

तेवढ्यात खालचा भिया वर आला. वर्कशॉपचा मालक. इंदुरात भैयाचा भिया होतो आणि सगळेच भिया, पण पोलोग्राउंडात नुसतं 'भिया' म्हटलं की हाच. पत्र्याचे कूलर बनवायचा. हिरवे, चौकोनी, कपाटासारखे. घाम पुसत म्हणाला, "सरजी, विजय नगर के शोरूम में बाहर की कंपनी का कूलर आ गया. रंगीन, पहियेवाला! अब मेरा डब्बा कौन लेगा? कुछ करो यार."

सरांचे डोळे असे चमकले! अक्षय्य तृतीयेआधी कूलर. उन्हाळा तोंडावर. यापेक्षा चांगला योग कुठला?

पण आधी प्रश्न निघाला, कूलर कुणाचा? वस्तू म्हणाला, वस्तू आहे, माझा. फर्निचर म्हणाला, चार महिने घरात ठाण मांडून बसतो, वर लोक फुलदाणी ठेवतात, म्हणजे माझा. तोवर सरांना ती पोतंभर बेअरिंगं आठवली आणि त्यांनी कूलरला चाकं लावली. अशी चाकं की करंगळीने ढकललं तर कूलर खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला जावा. झालं! वाहन विभाग ताडकन उठला. "चाकं लागली की वाहन! ब्रेक पाहिजे. हॉर्न पाहिजे."

भिया माझ्याकडे बघायला लागला. "दीदी, कूलर में हॉर्न?"

"मागे सरकताना कुणाच्या पायावर गेला तर?" सर वाहनाच्या खुर्चीवरून गरजले. भियाने माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं, पण हसत हसत. खेळणी विभागाने सांगितलं, जाळी इतकी बारीक करा की पोरांचं बोट आत जाणार नाही, आणि पोरं वर चढून बसणारच, तर वरचा पत्रा मजबूत घ्या. हे मात्र भियाला पटलं. त्याचा स्वतःचा मुलगा कूलरवर बसून पोहे खायचा.

पॅकिंग तेवढा गप्प होता. रोज थोडा वेळ कोपऱ्यात बसायचा आणि पुठ्ठा कापायचा.

शेवटी चार सह्या झाल्या आणि गाडं वाहनापाशी अडलं. ब्रेकशिवाय सही नाही म्हणजे नाही. भिया म्हणाला, ब्रेक बनवायला वेळ लागेल, आणि शोरूमवाले शेठ तर उद्याच कूलर बघायला येणार. मी हात जोडले. रिकाम्या खुर्चीला नाही, सर बसले होते तेव्हाच. "साहेब, करा ना पास." तर म्हणाले, "मॅडम, रस्त्यावर सगळे असंच म्हणतात." आणि तणतणत उठून वस्तूच्या खुर्चीवर जाऊन बसले.

तेवढ्यात काकू आल्या. ऊन मी म्हणत होतं, जिना चढून दम लागलेला. समोर जी रिकामी खुर्ची दिसली तिच्यावर धपकन बसल्या. ती वाहनाची होती.

सर उठून उभे राहिले. कागद घेतला, काकूंसमोर अदबीने धरला आणि म्हणाले, "साहेब, कूलरच्या ब्रेकबद्दल आपलं मत?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "ब्रेक गेला खड्ड्यात," म्हणाल्या, आणि पदराने घाम पुसत रागाने सही ठोकली. पाच सह्या! खोलीतलं पहिलं पास झालेलं डिझाइन. भियाने खालून जिलबी मागवली. वाहनाच्या वाटची जिलबी सरांनी काकूंपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी विजय नगरचे शेठ आले. पांढरा सफारी, गळ्यात साखळी, पायात कुरकुरणारे बूट. कूलर खोलीच्या मधोमध उभा, पोपटी रंगाचा, वर गोलाई, बघत राहावं असा. भिया दाराशी बोटं मोडत उभा. सरांनी बटण दाबलं. काय हवा होती! शेठची साखळी हलली. "वा," शेठ म्हणाले.

आणि कूलर मागे निघाला.

खरं सांगते, आधी मला वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय. पंखा हवा पुढे फेकत होता आणि त्या गुळगुळीत बेअरिंगांवर कूलर आरामात मागे मागे चालला होता, लग्नातला पाहुणा न जेवता सटकतो तसा. पळून धरावा ना? पण सर थांबले नाहीत. त्याच्या बरोबरीने उलटे चालत, एक हात त्याच्यावर ठेवून, शेठना माहिती देत राहिले. "जाळी बारीक आहे. पत्रा जाड आहे. आवाज कमी आहे." कूलर दारातनं बाहेर गॅलरीत गेला. सरही गेले. बाहेरून आवाज आला, "पाण्याची टाकी मोठी आहे." मग वायर ताणली गेली, प्लग सुटला, आणि सगळं शांत झालं.

शेठ इतके हसले की त्यांनी पोट धरलं. "भिया, तेरा कूलर तो गिराक से डर के भाग गया! लोग हवा खाएंगे कि इसके पीछे दौड़ेंगे?" भियाचा चेहरा पडला. "अगले सीझन में ब्रेक लगा देंगे सेठजी," एवढंच म्हणाला. (लावलाही त्याने. पुढच्या उन्हाळ्यात हलवायांच्या दुकानांत ते पोपटी कूलर दिसायचे. पण मी या उन्हाळ्याचं सांगतेय.) या उन्हाळ्याचा कूलर संपला होता आणि अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर आली होती.

शेठ निघाले आणि दाराशी कोपऱ्यात थांबले. तिथे पॅकिंगने केलेलं खोकं उभं होतं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं. उचलायला दोन्ही बाजूंना हाताच्या मापाच्या फटी होत्या. खिळा नाही, पट्टी नाही, घडी घालून बसवलेलं. आणि हिवाळ्यात तेच खोकं उलगडून कूलरवर झाकण म्हणून घालायचं, धूळ बसायला नको. शेठचं हसू थांबलं. "ये किसने बनाया?"

"पॅकिंग विभागाने," सर म्हणाले.

"मैं पीथमपुर में फैक्टरी डाल रहा हूँ. बाहर की कंपनी के साथ. माल अपना, डब्बा अपना. इन पॅकिंगवाले साहब को भेज दो मेरे पास. पक्की नौकरी. गाड़ी लेने आएगी, छोड़ने आएगी." आणि बूट कुरकुरवत उतरून गेले.

काकूंना मीच सांगितलं. त्या शाळेच्या फाटकात उभ्या राहून रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "पीथमपूर तर पीथमपूर. घरी तर येतील ना रोज." मला आनंद झाला, आणि बोर्ड कोण उतरवणार, हे डोक्यात आल्यावर वाईटही वाटलं.

अक्षय्य तृतीयेला काकू आमरस-पुरीचा मोठा डबा घेऊन ऑफिसात आल्या. सणाचं जेवण शेवटचं इथेच, म्हणाल्या, मग कुलूप लावू. सर म्हणाले, "आधी बैठक. पाचही विभागांना विचारायला हवं."

"विचारा," काकू म्हणाल्या. त्या दिवशी चिडल्या नाहीत. नोकरी पक्की होती, आता तमाशा शेवटचाच.

सर वस्तूच्या खुर्चीवर बसले. "उपयोगाची नोकरी आहे. जावं त्यांनी. बरं झालं." उठले. फर्निचरच्या खुर्चीवर पाय लांब केले. "जा बाबा, जा. तुझं तरी होतंय. बरं झालं." खेळणीने खिडकीकडे तोंड केलं आणि नाक ओढून म्हणाला, "बरं झालं." वाहन खाकरला. "कंपनीच्या गाडीत मागच्या सीटवर बसायला सांगा. बरं झालं." मी आणि काकू भिंतीला टेकून बघत होतो. मला हसू आवरत नव्हतं. काकूही तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग सर पॅकिंगच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि बोलेचनात.

"बोला की," काकू म्हणाल्या. "पुऱ्या गार होतील."

"पॅकिंगचा नकार आहे," सर हळू म्हणाले.

काकूंचं हसू जागच्या जागी गोठलं. "का?"

सरांनी चष्मा काढून हातात धरला. "मिल बंद झाली तेव्हा ड्रॉइंग ऑफिसातल्या सगळ्यांना एका दिवसात घरी पाठवलं. एकाला ठेवलं, सामान मोजायला आणि कुलपं लावायला. मला. बाकीचे गेटपाशी थांबले होते. एकेकाने येऊन माझ्याशी हात मिळवला. कुणी शिवी दिली असती तरी चाललं असतं. सगळे म्हणाले, बरं झालं, तुझं तरी राहिलं." त्यांनी चार रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. "आता हे चौघंही तेच म्हणाले. मला नाही जाता येणार. यांना घरी बसवून मी गाडीत नाही बसणार."

वेड्यासारखं बोलत होते. खुर्च्या होत्या त्या. लाकडाच्या, एकीचा तर हात तुटलेला. आणि मला रडू फुटलं. आत्ताच हसत होते त्यामुळे दोन्ही एकदम आलं आणि नाकातनं असा काही आवाज निघाला की खालून भियाने विचारलं, "दीदी, क्या हुआ?"

काकू भिंत सोडून पॅकिंगच्या खुर्चीसमोर आल्या. मग म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलं नाहीत."

सर म्हणाले, "तुम्ही कधी पॅकिंगला विचारलं नाहीत."

मला वाटलं, आता ही बाई डबा उचलून जाणार. जायला हवं होतं. वर्षानुवर्षं एकटीने घर ओढलं, पक्की नोकरी दारात आली आणि ती एका पुठ्ठेवाल्याने परत पाठवली. मी असते तर गेले असते, आणि खुर्चीही फेकली असती खाली. काकूंनी डोळे पुसले. पदर खोचला. डबा उघडला, आणि रसाच्या वाट्या मांडायला लागल्या. माझी एक, त्यांची एक, आणि मग प्रत्येक खुर्चीसमोर एकेक.

"चला," म्हणाल्या, "हात धुवून घ्या सगळ्यांनी."

सर उठून कोपऱ्यातल्या मोरीवर गेले. हात धुतले, पुसले, परत येऊन पुढच्या खुर्चीवर बसले, पुन्हा उठले, पुन्हा मोरीवर गेले. देवाशप्पथ सांगते, त्या माणसाने पाच वेळा हात धुतले, आणि काकू हातात पुरी धरून पाचही जणांचे हात धुवून होईपर्यंत थांबल्या.